चरायला कोणतं बी पेरू? एका साध्या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सोनईला घरी गेले होते. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "पोरी, एवढी गवतावर पीएचडी करतीस, तर मला एक सांग. शिंगणापूरच्या रस्त्याला आपला दीड एकराचा मुरमाड तुकडा पडलाय. तिथं पाणी चढत नाही, ऊस व्हायचा नाही. सहा शेळ्या अन् ती गीर गाय तिथं चरायला सोडीन म्हणतो. कोणतं बी टाकू?"

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तोपर्यंत पीएचडीची तीन वर्षं झाली होती. संगणकात दोनशेच्या वर शोधनिबंध साठवलेले होते, त्यातले निम्मे तरी नीट वाचलेले. संकरित नेपियरच्या कोणत्या जातीला किती नत्र द्यायचं, पहिली कापणी कधी करायची, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण नानांनी 'कापायला' विचारलं नव्हतं, 'चरायला' विचारलं होतं. आणि त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं.

तुमच्यातले बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताय, विषय शोधताय. संदर्भवाचनात 'अजून संशोधन झालेलं नाही' अशी जागा शोधा, असं तुम्हाला सगळे सांगत असतील. मला ती जागा ओट्यावर सापडली. पण ती रिकामी का राहिली हे समजायला मला नवे निबंध सोडून जुने अहवाल काढावे लागले. ती गोष्ट सांगते.

आधी सोनईचं चित्र. नेवासा तालुका पर्जन्यछायेतला आहे, पण मुळा धरणाचा उजवा कालवा आला आणि आमच्या भागाचं रूप बदललं. ऊस आला, मुळा साखर कारखाना आला. गळीत हंगामात जनावरांना वाढे, एरवी घास, मका, कडबा, आणि आता घरोघरी मुरघासाच्या बॅगा. (नगर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'घास' म्हणजे नुसतं गवत नव्हे, लसूणघास.) मुक्त गोठ्यातली एचएफ गाय दिवसभर गव्हाणीशी उभी असते. ती खाते, चरत नाही. 'चारा' हा शब्दच 'चरणे'मधून आलेला, पण आज चारा म्हणजे कापून, कुट्टी करून समोर टाकलेली वस्तू. हा शब्दातला बदल मला आधी किरकोळ वाटला होता. आता वाटतं की सगळी गोष्ट त्यातच आहे.

जुन्या काळी गवताचं बी कुणी पेरत नव्हतं. गावाला गायरान असायचं, संस्थानिकांची आणि सरकारची कुरणं असायची. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. तीच पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२ मध्ये आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं चराई हा जमिनीचा प्रश्न होता, बियाण्याचा नव्हता. जमीन राखा, गवत आपोआप येईल. लोकांना मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी, कुंदा, हरळी ही गवतं वेगवेगळी ओळखू यायची. कोणतं कधी गोड लागतं, कोणतं कुसळ धरल्यावर मेंढीच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततं, हे मेंढपाळाला विचारा. अजूनही सांगेल.

१८७६ ते ७८ आणि मग १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यात जनावरं मोठ्या संख्येनं मेली, तेव्हा सरकारी शेतीखात्याला चारा ही गंभीर बाब वाटू लागली. या धाग्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम पुण्याच्या भांबुर्ड्यातलं आहे. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. आज तिथं गवत शोधायला गेलात तर रस्त्याच्या दुभाजकात सापडेल. विल्यम बर्न्स हे तेव्हा मुंबई सरकारचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी व गोडबोले यांनी भारतीय गवतं आणि गवताळ रानं यांच्यावरचा अभ्यास १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात भांबुर्ड्याच्या माळावरचं काम आहे.

'कोणतं बी पेरायचं' हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. माळ बंद केला, चराई आवरली, तर मुळात काय उगवतं? हा होता. चराईनं खरवडलेल्या माळावर आधी बारीक, आखूड आयुष्याची, जनावरांनी नाकारलेली गवतं असतात. संरक्षण मिळालं की हळूहळू कुसळीसारखी बहुवार्षिक गवतं पसरतात, आणि पुढे शेडा, मारवेल अशी चांगली गवतं जोर धरतात. गवतांचा हा क्रम पुढच्या अभ्यासकांनीही दख्खनमध्ये नोंदवला. दबडघाव असं आडनाव संदर्भात दिसलं की मराठी वाचक म्हणून बरं वाटतं, तसं मला दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या १९७३ च्या ग्रंथाचं झालं. भारतातल्या गवताळ आच्छादनाचे त्यांनी पाच प्रकार पाडले आणि आपला द्वीपकल्पीय पट्टा 'सेहिमा-डायकँथियम' प्रकारात टाकला. आपल्या भाषेत शेडा आणि मारवेल.

इथे नावांबद्दल एक सूचना, कारण मी स्वतः यात फसले आहे. मराठी पुस्तकांत शेडा म्हणजे सहसा सेहिमा नर्वोसम. पण ऑस्ट्रेलियात 'शेडा ग्रास' या नावानं डायकँथियम अॅन्युलेटम, म्हणजे आपलं मारवेल, ओळखलं जातं. मी एक आख्खा आठवडा ऑस्ट्रेलियातली चराईची आकडेवारी चुकीच्या गवताच्या खात्यात मांडत होते. स्थानिक नाव जरूर लिहा, पण शास्त्रीय नावाशिवाय एकही नोंद करू नका. आणि नावाची खात्री करायला ब्लॅटर आणि मॅककॅन यांचं 'द बॉम्बे ग्रासेस' जवळ ठेवा. ते १९३५ साली निघालं. फादर ब्लॅटर त्याआधीच्या वर्षी वारले, पण पुस्तक आजही उपयोगी पडतं.

आता जरा लांब जाऊ या, वेल्समध्ये. जाण्याचं कारण आहे. १९१९ साली अॅबरिस्टविथ इथं वेल्श प्लांट ब्रीडिंग स्टेशन सुरू झालं आणि जॉर्ज स्टेपल्डन त्याचे प्रमुख झाले. बाजारात मिळणारं कुरणाचं बी पेरलं की गवत उंच, देठाळ येतं, लवकर फुलतं आणि चराईत काही वर्षांत विरळ होतं, हे त्यांनी पाहिलं. जुन्या, पिढ्यान् पिढ्या चरलेल्या कुरणातली त्याच जातीची रोपं मात्र बुटकी, पानाळ, दाट फुटव्यांची असायची. हे असं का? तर जो बी विकतो तो बी गोळा करतो, आणि ज्या रोपाला भरपूर आणि एकदम बी येतं त्याचंच बी जास्त गोळा होतं. जे रोप आपली ताकद पानांत आणि फुटव्यांत घालतं, त्याचं बी पोत्यात कमी पडतं. कुणी ठरवून काही केलं नाही, पण व्यापारानं नकळत निवड केली आणि ती चरणाऱ्या जनावराच्या विरुद्ध दिशेनं केली. स्टेपल्डन यांच्या केंद्रानं मग वाळक्या गवतासाठी वेगळे आणि चराईसाठी वेगळे वाण काढले. रायग्रासमध्ये एस-२४ हा कापणीचा, एस-२३ हा चराईचा.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चक्कर मारून आले. कारण आपल्याकडचा प्रश्न हाच होता, फक्त आपण पुढचं पाऊल टाकलं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे प्रश्न बदलला. १९६२ मध्ये झाशीला भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आली, १९६८ मध्ये आपलं कृषी विद्यापीठ, १९७० मध्ये चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प. राहुरीचं विद्यापीठ आमच्या सोनईपासून रस्त्यानं पंचविसेक किलोमीटरवर. तिथंच गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून फुले त्रिवेणी गाय तयार झाली. दूध वाढवायचं होतं, जमीन कमी होती, कालव्याचं पाणी येत होतं. अशा वेळी संशोधकांनी 'एका हेक्टरातून जास्तीत जास्त हिरवा चारा कसा निघेल' असं विचारलं, यात काहीच चूक नव्हती. त्याचं उत्तरही त्यांनी उत्तम दिलं. लसूणघासाची आरएल-८८, संकरित नेपियरच्या फुले यशवंत आणि फुले जयवंत. आमच्या घरचं दूध याच संशोधनावर चालतं आणि माझी फीसुद्धा त्या दुधातून भरली गेली आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते तक्रार म्हणून वाचू नका.

पण संकरित नेपियरचं बी नसतं. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्ती गवताची २८, दोघांच्या संकराची २१. विषम जोडीमुळे संकर वांझ. म्हणून त्याची लागवड कांड्यांनी करायची. उभ्या नेपियरमध्ये गुरं सोडली तर खातात कमी, तुडवतात जास्त. ते मुळात कोयत्यासाठी घडवलेलं गवत आहे. मारवेलचे निवडक वाणही आहेत, मारवेल-८, फुले मारवेल ०६-४०. चांगले आहेत. पण त्यांची शिफारस वाचलीत तर लागवड ठोंबांनी आणि मोजमाप कापणीवर.

इथे तुमच्यासाठी एक सवय सुचवते. कोणत्याही वाणाच्या तक्त्यात 'टन प्रति हेक्टर' हा रकाना दिसला की निष्कर्षाकडे धावू नका. पद्धतीचं पान उघडा आणि बघा: पाणी होतं का? खत किती? कापणी जमिनीपासून किती उंचीवर? किती दिवसांनी? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या वाफ्यात एखाद्या जनावरानं पाय तरी ठेवला होता का? मी माझ्या संग्रहातल्या निबंधांना हा शेवटचा प्रश्न विचारत गेले. बहुतेकांचं उत्तर 'नाही' होतं. कोयता एका उंचीवर, ठरलेल्या दिवशी, सगळं सारखं कापतो. शेळी निवडून खाते, आज खाल्लेल्या रोपाकडे परवा पुन्हा येते, चालते, मुतते, बसते. मारवेलची खोडं बुडाशी जमिनीलगत पसरतात आणि पेरांना मुळं फुटतात, म्हणून वरचं ओरबाडलं तरी खालचे डोळे वाचतात. ताठ वाढणारा शेडा जोराच्या चराईत मागे पडतो. हा फरक टनांच्या रकान्यात दिसतच नाही. चराईचा प्रयोग अवघडही आहे, मान्य. कुंपण, जनावरं, गुराखी, तीन-चार वर्षं. पीएचडीच्या शिष्यवृत्तीत हे बसवणं काय असतं ते मला विचारा.

बियाण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण नानांनी शेवटी बीच मागितलं होतं. पहिल्या वर्षी मी मारवेलच्या बियांची उगवण चाचणी लावली. शंभर 'बिया' मोजून ओल्या कागदावर ठेवल्या. चौदा दिवसांनी चार उगवल्या. मार्गदर्शकांकडे तोंड पाडून गेले, तर त्यांनी भिंगाखाली उरलेल्या फोडायला लावल्या. निम्म्याहून जास्त पोकळ! आपण ज्याला गवताचं बी म्हणतो ते पुष्कळदा कुसळासकट अख्खं कणिशक असतं आणि आत दाणा असेलच असं नाही. जिथं दाणा होता तो ताजा होता, सुप्तावस्थेत. अशी कित्येक गवतं काढणीनंतर काही महिने, कधी वर्षभर, नीट उगवतच नाहीत. प्रमाणित बियाण्याची मानकंही हे धरून चालतात. गव्हाची किमान उगवण ८५ टक्के लागते, अंजन गवताची फक्त ३०. शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो हलकं, फुसफुशीत बी वाऱ्यात फोकतो, किंवा गव्हासारखं खोल पेरतो, आणि उगवलं नाही की दुकानदाराला शिव्या देतो. अंजनाचं बी सेंटीमीटरभरापेक्षा खोल जाऊ नये. माती-शेणात कालवून ओळीत टाकलं तर उडत नाही.

आणि एकदा का रुजलं की मग दुसरं टोक. अंजन ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत कुरणासाठी पसरवलं गेलं. आज अॅरिझोनाच्या वाळवंटात ते उपद्रवी गवत आहे. ते पेट घेतं, आणि तिथले निवडुंग आगीची सवय नसलेले. आपलं मारवेल दक्षिण टेक्सासात 'क्लेबर्ग ब्लूस्टेम' या नावानं तिथल्या मूळ गवतांना हटवतंय. आपल्याकडे उलट दिशेनं आलेली स्टायलो ही मूळची अमेरिका खंडातली शेंगवर्गीय वनस्पती. राहुरीची फुले क्रांती ही तिचीच जात. ऑस्ट्रेलियात टाऊन्सव्हिल स्टायलोवर १९७० च्या दशकात करपा आला आणि मोठमोठी कुरणं बसली. एकाच बियाण्यावर सगळं रान सोपवू नये, हे तेव्हापासून कुरणवाले धरून चालतात.

एवढं वाचून मी नानांकडे परत गेले ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. उत्तर घेऊन नाही, लाकडी चौकट घेऊन. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. बांधावर बारा ठिकाणी टाकली, तुकड्याच्या आत बारा ठिकाणी. बांधावर मारवेल होतं, कुसळी होती, थोडी हरळी. आत, जिथं वर्षानुवर्षं नांगर फिरला होता, तिथं बहुवार्षिक गवताचं एक ठोंब नाही. म्हणजे भांबुर्ड्याचं उत्तर, 'फक्त बंद करा आणि थांबा', इथं जसंच्या तसं चालणार नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं चराईबंदीनं डोंगर हिरवा केला, पण तिथल्या डोंगरावर गवताची मुळं आणि बी कुठंतरी शिल्लक होतं, जमीन नांगरलेली नव्हती. किती काळ नांगरलं की मातीतलं गवताचं बी संपतं, हा खरं तर एखाद्या प्रबंधाचा विषय आहे. हवा असेल तर घ्या.

आम्ही तुकड्याचे तीन भाग केले. एकात आपल्याच बांधावरच्या मारवेलचे ठोंब पहिल्या चांगल्या पावसावर लावले. वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढ्यांनी त्या बांधावरचं मारवेल चरलंय. स्टेपल्डन यांच्या जुन्या कुरणासारखी निवड तिथं आपोआप झाली असेल, असा माझा अंदाज. अजून अंदाजच. दुसऱ्यात मागच्या वर्षीचं अंजनाचं बी आणि कोमट पाण्यात भिजवलेलं स्टायलो. (गरम पाण्यात भिजवायचं असतं. नानांनी पोळेल म्हणून कोमट केलं. स्टायलोचं कवच कठीण, ते त्यातून सुटलं नाही. पहिल्या वर्षी अगदी तुरळक उगवलं.) तिसरा भाग नुसता बंद. तिन्हीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

पहिल्या वर्षी बंद भागात तरोटा माजला आणि काठाकाठानं कुसळी सरकली. अंजन ठिपक्याठिपक्यांनी आलं. मारवेलचे ठोंब निम्मे जगले. नानांनी ते वर्ष शेळ्यांना बांधून, विकतचा चारा घालून काढलं. हिशेब त्यांनी वहीत लिहिलाय, मला दाखवला नाही, पण दिवाळीत एक शेळी कमी दिसली. गवताच्या पुस्तकात 'एक ते दोन वर्षं पूर्ण चराईबंदी' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीची किंमत कोण देतं हे मी त्याआधी कधी विचारलं नव्हतं. नानांकडे निदान उसाचा आधार आहे. ज्याच्याकडे फक्त शेळ्या आणि गायरान आहे, त्याला हा सल्ला कसा द्यायचा हे मला अजून माहीत नाही. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावर आहे आणि ते तीनदा फाडून झालंय.

परवा नानांचा फोन आला. "मारवेल गुडघ्याला लागलंय गं. सोडू का शेळ्या?"

मी विचारलं, "नाना, फुलोरा आलाय का?"

"आत्ताशी धरतोय."

"मग आणखी महिनाभर थांबा. बी पिकून खाली पडू द्या, मग सोडा."

"अन् तवर शेळ्यांना काय घालू? तुझा प्रबंध?"